यादीतलं नाव आणि खिशातला पासपोर्ट

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं आणि गोदावरी मागे टाकली की विष्णुपुरी येते. काळेश्वराचं मंदिर, त्याच्या पायाशी अडवलेलं शंकरसागराचं पाणी, १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, सरकारी मेडिकल कॉलेज आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, सगळं एका रिक्षाच्या अंतरात. दर वर्षी इथून पोरं डिग्री घेऊन बाहेर पडतात. काही नांदेडातच राहतात, बरीच पुण्याला जातात, आणि थोडी त्याच्याही पुढे.

त्या पुढे गेलेल्यांपैकी एक जण डोळ्यासमोर आणू. नाव नको, कारण असे खूप आहेत. नव्वदच्या दशकात इथून इंजिनिअर झाला. पुणे, बंगळुरू, मग न्यू जर्सी. आधी कामाचा व्हिसा, मग ग्रीन कार्ड, आणि एका सकाळी शंभर-दीडशे लोकांबरोबर एका सभागृहात उभं राहून हात वर करून शपथ. गावाकडे आई, चार एकर कोरडवाहू, पडवी उतरलेलं घर, आणि कुणाच्याच लक्षात नसलेली एक गोष्ट: मतदार यादीतलं त्याचं नाव. ते विसाव्या-एकविसाव्या वर्षी लागलं आणि तिथंच राहिलं.

दिवाळीला तो येतो. निवडणूक तोंडावर आलेली असते. २० नोव्हेंबर २०२४ ला तर नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन मतं दिली, एक विधानसभेचं आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. कार्यकर्ता घरोघर स्लिपा वाटत दारात येतो. ‘दादा, तुमचं बी नाव आहे की यादीत. सकाळीच उरकून घ्या, दुपारी गर्दी होती.’ आई म्हणते, ‘जाऊन ये बाबा, एवढ्या लांबून आलास.’

त्यानं जावं का?

जाऊ नये. आणि त्याचं कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. तो गावात राहत नाही हे दुय्यम आहे. पहिलं कारण असं की तो हात वर करून शपथ घेत होता त्या क्षणी, इथं कुणालाही न कळता, त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. हे वाक्य आपण ऐकलेलं असतं, पण त्याची यंत्रणा कशी चालते हे पाहण्यासारखं आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की भारतीय नागरिकानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की तो भारताचा नागरिक राहत नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही, आदेशही नाही. नागरिकत्व आपोआप गळून पडतं, देठ सुकलेल्या फळासारखं. नियमांनी तर असंही म्हटलं की परदेशाचा पासपोर्ट घेतला असेल तर तेच नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उचलून धरला.

तिकडे अमेरिकेला याचं सोयरसुतक नसतं. शपथेत परकी निष्ठा सोडल्याचे शब्द असतात, पण जुना देश खरोखर सुटला की नाही हे अमेरिका तपासत बसत नाही. म्हणून आपल्या माणसाला मनातून वाटत राहतं की आपण दोन्हीकडचे आहोत. त्या समजुतीत भर घालायला एक निळसर पुस्तिका असते.

ती म्हणजे ओसीआय, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. परदेशी मराठी कुटुंबांत हा शब्द आधारसारखा रुळलाय. ‘त्यांचं ओसीआय झालं का?’ असं विचारतात, मुंज झाली का विचारावं तसं. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं परदेशस्थ भारतीयांचा अभ्यास करून अहवाल दिला, त्यानंतर २००३ च्या दुरुस्तीनं ही सोय कायद्यात आली, पुढे २००५ मध्ये रुंदावली आणि जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डं दिली गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘दुहेरी नागरिकत्व’ असे मथळे केले आणि घोळ तिथून सुरू झाला. योजनेच्या नावातच ‘सिटिझन’ हा शब्द. प्रत्यक्षात ते आयुष्यभराचं प्रवेशपत्र आहे, काही आर्थिक नि शैक्षणिक सवलतींसह. कलम ७-ब मध्ये जे मिळणार नाही त्याची यादी आहे: राष्ट्रपतिपद, न्यायाधीशपद, आमदारकी-खासदारकी, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी, आणि मतदार म्हणून नोंदणी. २०१५ साली सरकारनं नावाला ‘कार्डधारक’ हे शेपूट जोडलं. मला वाटतं, हा सगळ्यात प्रामाणिक बदल होता. पण बोलताना शेपूट कोण लावतं?

इथं एक मौज आहे, आणि ती शेतकरी घरातल्यालाच नीट कळेल. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं येते. म्हणजे वडील गेल्यावर फेरफार होऊन आपल्या न्यू जर्सीकराचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं आणि राहू शकतं. तलाठ्याच्या दप्तरात तो आहे. तहसीलच्या मतदार यादीत मात्र तो असता कामा नये. गावाला हा फरक कळायला जड जातो. गावाचा हिशेब सरळ असतो: ज्याची जमीन इथं, ज्याची आई इथं, तो इथला.

मग त्याचं नाव यादीत राहिलंच कसं? कारण नागरिकत्व जातं परदेशातल्या सभागृहात, भारतीय पासपोर्ट रद्द होतो वकिलातीत, ओसीआयचा अर्ज जातो ऑनलाइन, आणि या सगळ्या वाटेवर तहसील कार्यालय कुठंच लागत नाही. यादी दुरुस्त करणारा माणूस म्हणजे गावातला बीएलओ, बूथ पातळीवरचा अधिकारी, बहुधा झेडपीच्या शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई. त्या दारात येऊन विचारतात, ‘घरात कोण कोण आहे? कुणी वारलं का? कुणाचं लग्न होऊन गेलं का?’ आई म्हणते, ‘पोरगा बाहेर असतो.’ बाहेर म्हणजे पुणे की न्यू जर्सी हे ताई विचारत नाहीत, आणि ‘त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय का’ हा प्रश्न दारात उभं राहून विचारायचा नसतोच. मेलेल्या माणसाचं नाव उशिरा का होईना निघतं, कारण मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते. परदेशी झालेल्याची नोंद गावात कुठं होत नाही.

यादीत नाव असणं म्हणजे मताचा हक्क असणं नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ नागरिक नसलेल्याला यादीबाहेर ठेवतं. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ आणखी पुढे जातं: यादीत नाव असलं तरी कलम १६ ची अपात्रता ज्याला लागते त्यानं मत देऊ नये. म्हणजे आपल्या माणसाच्या बोटाला शाई लागली तरी कायद्याच्या नजरेत ते मत नाही. नव्यानं नाव नोंदवायला त्यानं नमुना ६ भरला तर आणखी वाईट, कारण त्यात ‘मी भारताचा नागरिक आहे’ अशी सही करावी लागते, आणि खोट्या घोषणेला १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे.

दुसऱ्या बाजूनं, कुणी तरी तक्रार केली म्हणून अधिकाऱ्याला सपकन नाव उडवताही येत नाही. १९९४ च्या सुमारास मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांत हजारो लोकांना तुम्ही नागरिक असल्याचं सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या होत्या. लालबाबू हुसेन खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाजूनं गृहीत धरायचं, त्याला नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, आणि मगच काय ते ठरवायचं. गरिबाला, कागद नसलेल्याला ही ढाल आहे. तिच्याच आडोशाला न्यू जर्सीकराचंही नाव शाबूत राहतं, हा योगायोग.

आता एक खरी गोष्ट. नांदेड-लातूरकडच्या भाविकांना तेलंगणातलं वेमुलवाडा सांगायला नको. तिथल्या राजन्नाला कोडे, म्हणजे खोंड, वाहायला इथून गाड्या भरून लोक जातात. त्याच वेमुलवाड्याचे आमदार होते चेन्नमनेनी रमेश. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले चे. विद्यासागर राव त्यांचे चुलते. रमेश शिकायला जर्मनीला गेले, तिथं रमले आणि १९९३ मध्ये जर्मन नागरिक झाले. कलम ९ प्रमाणे भारताचा धागा तुटला. पुढे परत आले, २००८ मध्ये भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला, फेब्रुवारी २००९ मध्ये ते मिळालं आणि दोन-तीन महिन्यांत तेलुगू देसमच्या तिकिटावर ते निवडूनही आले. नंतर पक्ष बदलून पुन्हा पुन्हा आले.

हरलेले उमेदवार आदि श्रीनिवास यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं की अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहण्याची अट होती आणि रमेश त्यातला मोठा काळ परदेशात होते. केंद्रीय गृह मंत्रालयानं नागरिकत्व रद्द केलं, प्रकरण कोर्टात गेलं, परत आलं, पुन्हा रद्द झालं. दरम्यान विधानसभेच्या मुदती एकामागून एक संपत होत्या. शेवटी ९ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणा उच्च न्यायालयानं सांगितलं की ते जर्मन नागरिकच आहेत, आणि ३० लाख रुपयांचा भुर्दंड लावला, त्यातले २५ लाख आदि श्रीनिवास यांना. तोवर रमेश माजी झाले होते आणि वेमुलवाड्याचे आमदार खुद्द आदि श्रीनिवास होते.

पंधरा वर्षं. आमदाराच्या बाबतीत, ज्याच्यामागे पैसा आणि ईर्षा घेऊन लागलेला प्रतिस्पर्धी असतो, तिथं पंधरा वर्षं लागली. साध्या मतदाराच्या मागे कोण लागणार?

लागतं, पण गोव्यात. तिथं हा प्रश्न घरोघरचा आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि मार्च १९६२ मध्ये केंद्रानं नागरिकत्वाचा आदेश काढला: जो स्वतः, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्यानं महिन्याभरात लेखी कळवावं. बाकी सगळे भारतीय झाले. पण पोर्तुगालनं हा व्यवहार १९७४ च्या ३१ डिसेंबरपर्यंत मान्यच केला नाही. आणि मान्य केल्यावरही, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं आपलीच, अशी वाट उघडी ठेवली. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करा, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. १९८६ पासून पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यानं त्या पासपोर्टावर लंडनचं दार उघडायचं. साष्टी, बार्देसमधून लोक रांगेनं गेले. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात कोकणी सहज कानावर पडते ती याचमुळे.

इथं कायद्याचा खरा पेच पडतो. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद केली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर ‘स्वेच्छेनं नागरिकत्व घेतलं’ असं म्हणायचं का? एक बाजू म्हणते, हो, अर्ज केल्याशिवाय नोंद होत नाही. दुसरी म्हणते, आम्ही काही घेतलं नाही. आजोबा पोर्तुगीज जन्मले होते, ती जुनी गोष्ट आम्ही वहीत लिहून घेतली, एवढंच. दोन्हींत तथ्य आहे, आणि मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं उगाच काढलेली पळवाट वाटत नाही. शिवाय कलम ९ प्रमाणे असा वाद उद्भवला की त्याचा निवाडा मतदार नोंदणी अधिकाऱ्यानं करायचा नसतो, केंद्र सरकारनं करायचा असतो. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीनंतर दोन आमदारांवर हाच आक्षेप आला आणि प्रकरण दिल्लीला गेलं. गावपातळीवर तर विरोधी उमेदवाराच्या घरातले पोर्तुगीज कागद शोधणं हा प्रचाराचाच भाग होऊन बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं मतदार याद्यांच्या सखोल फेरतपासणीचा दुसरा टप्पा जाहीर केला, त्या बारा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत गोवा होताच.

यात एक गंमत गोवेकर स्वतःच सांगतात. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या देशांच्या रहिवासी नागरिकांना मताचा हक्क आहे. म्हणजे नांदेडचा एखादा भारतीय पासपोर्टवाला इंजिनिअर कामाच्या व्हिसावर लेस्टरला राहत असेल, तर तो ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतो. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतातही देऊ शकत होता. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकराला मात्र त्या सार्वमतात मत नव्हतं, कारण युरोपीय देशांच्या नागरिकांना, दोन-तीन देश सोडले तर, त्यात जागाच ठेवली नव्हती. ज्या पासपोर्टासाठी त्यानं भारतातलं मत सोडलं, त्या पासपोर्टाचं भवितव्य ठरत होतं, आणि तो खिडकीतून पाहत होता.

नागरिकत्व आणि मत यांची ही गाठ प्रत्येक देशानं आपापल्या परीनं मारलीय. अमेरिकेत तर एके काळी उलटा नियम होता: परदेशी निवडणुकीत मत द्या आणि अमेरिकेचं नागरिकत्व गमवा. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, मेक्सिकोत मत दिलेल्या माणसाच्या खटल्यात, तो ग्राह्य धरला. मग आला बेज अफ्रोयिम. पोलंडमध्ये जन्मलेला चित्रकार, १९२६ मध्ये अमेरिकन झालेला. १९५० साली इस्रायलला गेला आणि १९५१ च्या तिथल्या निवडणुकीत मत दिलं. पुढे पासपोर्टाचं नूतनीकरण करायला गेला तर अधिकारी म्हणाले, तुम्ही आता अमेरिकन नाही. १९६७ मध्ये न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी आधीचा निकाल फिरवला: माणसानं स्वतःहून सोडल्याशिवाय सरकारला नागरिकत्व काढून घेता येणार नाही. आज अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व चालतं त्याच्या मुळाशी हा एका मताचा फरक आहे.

आपण तो रस्ता का धरला नाही? फाळणी. संविधान सभेत नागरिकत्वाची कलमं ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चेला आली तेव्हा सीमेच्या दोन्हीकडून माणसं जात-येत होती आणि एक पाय इथं, एक पाय तिथं हे कुणालाच नको होतं. आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख तर मसुद्यावर चिडलेच होते. त्यांच्या मते या मसुद्यानं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त करून टाकलं होतं. त्या चर्चेत नांदेडचा आवाज नव्हता. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं असलं तरी त्याचे प्रतिनिधी संविधान सभेत बसलेच नाहीत. त्याआधी नांदेडची माणसं होती निजामाची रयत, आणि त्या राज्यात ‘मुलकी’ नि ‘गैरमुलकी’ असा आपला वेगळाच भेद होता: नोकरी मुलक्याला, बाहेरच्याला नाही. मुलकी नियम इतके चिवट निघाले की संस्थान गेलं, राज्यं फुटली, तरी आंध्रात ते १९७३ पर्यंत भांडणं लावत राहिले.

मुलकीची आठवण काढली कारण महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवर दुहेरीपणाचा एक अस्सल देशी नमुना आहे, आणि त्यात पासपोर्टाचा संबंधच नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या काठाला चौदा गावं आहेत: परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर वगैरे. यातली बरीच कुटुंबं मुळात मराठवाड्यातून, नांदेड-परभणी-जालन्याकडून, पोटासाठी सरकलेली. महाराष्ट्र म्हणतो गावं आमची, तेलंगणा म्हणतो आमची. परिणाम असा की एकाच गावात दोन सरपंच, मराठी शाळा नि तेलुगू शाळा, दोन रेशनकार्डं, आणि दोन वोटर कार्डं. एका कार्डावर राजुरा मतदारसंघ, दुसऱ्यावर आसिफाबाद.

२०१९ च्या लोकसभेला दोन्हीकडचं मतदान एकाच दिवशी, ११ एप्रिलला, आलं. २०२४ मध्ये चंद्रपूरचं १९ एप्रिलला आणि पलीकडच्या, तेलंगणातल्या आदिलाबादचं १३ मे रोजी. मध्ये चोवीस दिवस. कायदा स्पष्ट आहे: एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत नको, आणि एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन ठिकाणी मत दिलं तर दोन्ही मतं बाद. पण त्या गावकऱ्याला आपण नेमकं काय सांगणार? एक नाव काढ म्हणावं तर ते नाव काढलं की त्या राज्याचं रेशन, पेन्शन, घरकुल हातचं जाईल ही त्याची धास्ती, आणि जमिनीचे पट्टे कोण देणार हे अजून धड ठरलेलं नाही. दोन डगरींवर हात ठेवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येतो, पण डगरी सरकारांनी उभ्या केल्यात. परदेशी गेलेल्यानं दुसरा पासपोर्ट निवडला. परमडोलीकरानं दुसरं राज्य निवडलेलं नाही, ते त्याच्या अंगणात आलं.

पुन्हा पासपोर्टाकडे. भारतीय कायद्यात खरं दुहेरी नागरिकत्व अजिबातच नाही, असं म्हणणं किंचित चूक आहे. एक अरुंद फट आहे. अमेरिकेत भारतीय आई-बापांच्या पोटी मूल जन्मलं तर ते जन्मानं अमेरिकन. आई-बापांनी वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद केली, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलं, तर ते वंशानं भारतीयही होतं. हे दोन्हीपण किती काळ टिकतं? नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ चं उत्तर: सज्ञान झाल्यापासून सहा महिने. तेवढ्यात दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व संपतं. आणि सज्ञान होण्याचं वय कोणतं? अठरा. मताचं वय कोणतं? अठरा. ज्या वाढदिवसाला मतदार होण्याची पात्रता येते, त्याच वाढदिवसापासून घड्याळ टिकटिकायला लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर यादीत येण्यासाठी जानेवारी, एप्रिल, जुलै नि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा ठरल्या आहेत. त्यामुळे अशा मुलाचं नाव तांत्रिकदृष्ट्या यादीत लागेल आणि काही आठवड्यांत तो नागरिकच राहणार नाही, असंही होऊ शकतं. बहुतेक कुटुंबं या फटीत शिरतच नाहीत. मूल जन्मलं की निळा पासपोर्ट, पाठोपाठ ओसीआय.

आणि ज्यानं भारतीय पासपोर्ट जपून ठेवलाय त्याचं काय? तो लेस्टर किंवा दुबईला असला तरी पुरता मतदार होऊ शकतो. २०१० च्या दुरुस्तीनं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ आलं, आणि २०११ पासून परदेशी राहणारा भारतीय नागरिक पासपोर्टावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६-अ भरून नाव लावू शकतो. त्याआधी तेही नव्हतं, कारण यादीत येण्यासाठी तिथं ‘सर्वसाधारणपणे राहत’ असावं लागतं, आणि कलम २० स्पष्ट म्हणतं की गावात घर आहे एवढ्यावरून कुणी रहिवासी ठरत नाही. तात्पुरतं बाहेर गेल्यानं हक्क जात नाही हेही तेच कलम सांगतं. त्याचा आधार ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेल्या जोडप्याला आहे, वीस वर्षं परदेशी राहिलेल्याला नव्हता.

पण ६-अ वाल्याला मत द्यायला प्रत्यक्ष बूथवर यावं लागतं, पासपोर्ट हातात घेऊन. त्याला वोटर कार्ड मिळत नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडलं आणि १६ वी लोकसभा संपताच बाद झालं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. आले २,९५८, त्यातले बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ नावं होती. मतं किती? सतरा. विमानाचं तिकीट काढून बोटाला शाई लावायला आलेली ही सतरा माणसं कोण असतील, याचं मला कुतूहल आहे.

आपला न्यू जर्सीकर त्या सतरांत असू शकत नाही. त्याच्यासाठी एकच नमुना उरतो, सातवा. नाव वगळण्याचा अर्ज. तो दुसऱ्याबद्दल भरता येतो तसा स्वतःबद्दलही भरता येतो, तहसीलमध्ये किंवा मोबाइलवरून, आणि दहा मिनिटांचं काम आहे. अर्जात कारणांच्या चौकटी छापलेल्या आहेत: मृत्यू, वय अपुरं, गैरहजर किंवा कायमचं स्थलांतर, आधीच नोंद, भारतीय नागरिक नाही. एकीवर खूण करायची.

तिसरी चौकटही तशी खोटी नाही. तो गेलाच आहे कायमचा. पाचवी मात्र खरी आहे. ओसरीवर बसून, बाजूला आई भुईमुगाच्या शेंगा फोडत असताना, मोबाइलच्या पडद्यावर त्याचा अंगठा या दोन चौकटींच्या मध्ये थांबतो. आई विचारते, ‘काय भरतोस रे?’ तो म्हणतो, ‘काही नाही, मतदानाचं.’

‘मग आण की स्लिप. मी बी येते संगं.’